मीठ आत कसे शिरते?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालात, की वाटेत गोदावरीच्या काठावर शहागड लागते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे गाव. इथला पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. थंडीच्या दिवसांत शहागडमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात डोकावा. आजीबाई आवळ्यांची पाटी पुढे घेऊन बसलेल्या असतील. मोरावळा करायचा असतो. डाव्या हातात आवळा, उजव्या हातात काटा आणि टोचणे चालू. प्रत्येक आवळ्याला चांगली वीस-पंचवीस भोके पडेपर्यंत त्या दुसरा आवळा हातात घेत नाहीत. ‘कशाला टोचतेस गं आजी?’ असे नातवाने विचारले, तर उत्तर ठरलेले: ‘अरे, पाक आत मुरायला नको का?’

त्याच गावात एखाद्या घरी नदीचा मासा आला, तर त्याच्या अंगावर सुरीने आडव्या चिरा देतात आणि मग मीठ-हळद चोळतात. कोंबडी निखाऱ्यावर भाजायची असेल तर तंगडीला हाडापर्यंत चिरा पडतात. सांडग्या मिरचीला उभी चीर देऊन मगच मसाला भरतात. टोचणे आणि चिरणे हा आपल्या स्वयंपाकातला रोजचाच उद्योग आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हाच उद्योग चक्क इंजेक्शनची सुई घेऊन करतात! डुकराच्या खांद्याचा चार-पाच किलोचा अखंड तुकडा घ्यायचा, जाड सुईने त्यात जागोजाग मिठाचे पाणी टोचायचे आणि मग तो लाकडाच्या मंद धुरावर दहा-बारा तास ठेवायचा. इतका वेळ धगीजवळ राहूनही मांस आतून ओलसर राहावे, म्हणून हा खटाटोप. पण यात एक कोडे आहे. मीठ तर पाणी ओढून घेते. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाच मिनिटांत ताटलीत पाणी जमते. कारल्याचे काप आपण मीठ लावून पिळून काढतो. मग मिठाने मांस कोरडे पडायच्या ऐवजी ओले कसे राहते? आणि मीठ वरून चोळून का भागत नाही? सुईच का लागते?

तुमच्यापैकी काहींच्या घरी मांस शिजत नाही. काहींच्या घरी शिजते पण डुकराचे नाही, आणि काहींच्या घरी तेही आवडीने खातात. आपल्याला इथे कुणाच्या ताटात काय असावे हे ठरवायचे नाही. मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू तर हा अंक धरलेल्या तुमच्या हातातही आहेत. तेव्हा स्नायूपासूनच सुरुवात करू.

पिळलेला पंचा

कच्च्या मांसात शंभरात सुमारे पंचाहत्तर भाग पाणी असते. प्रथिने जेमतेम वीस भाग. एवढे पाणी असूनही मांसाचा तुकडा हातात घेतला तर ते गळत नाही. ते राहते तरी कुठे?

स्नायू हा तंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. एक तंतू घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्या आत आणखी बारीक तंतुके दिसतात. प्रत्येक तंतुकाच्या आत मायोसिन आणि ॲक्टिन या दोन प्रथिनांच्या अतिसूक्ष्म काड्या असतात. या काड्या शेजारी शेजारी, ठरावीक अंतर राखून, उसाच्या मोळीसारख्या उभ्या असतात. मोळीतल्या उसांमध्ये जशा फटी असतात तशा यांच्याही मध्ये फटी असतात. मांसातले बहुतेक पाणी या फटींत अडकलेले असते. फटी रुंदावल्या तर जास्त पाणी मावेल, अरुंद झाल्या तर पाणी बाहेर पडेल. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे सगळे सोपे आहे.

मांस तापू लागले की पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिनचे रेणू आपली नैसर्गिक घडी मोडून एकमेकांना चिकटू लागतात. फटी अरुंद होतात. साठ-पासष्ट अंशांच्या सुमारास तंतूंच्या जुड्यांभोवती असलेले कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे वेष्टन आकसते. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळावा तसा स्नायू पिळला जातो आणि पाणी बाहेर येते. निखाऱ्यावर मांस भाजताना चर्रर्र आवाज येतो तो या पाण्याचा आणि वितळलेल्या चरबीचा.

मग साठ अंशांच्या आतच शिजवणे का थांबवू नये? डुकराच्या खांद्याच्या बाबतीत ते चालत नाही. जनावर पुढच्या पायांवर शरीराचा मोठा भार पेलते, दिवसभर चालते. त्यामुळे खांद्यात कोलॅजेन भरपूर असते आणि ते चिवट असते. हे कोलॅजेन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन व्हायला तास न् तास ऊब लागते. म्हणून तुकड्याचा गाभा नव्वद अंशांपलीकडे जाईपर्यंत तो धुरावर ठेवावा लागतो. तोवर पंचा पिळून पिळून जवळजवळ कोरडा होण्याची वेळ येते.

(या लांबलचक शिजण्यात एक गंमत घडते. तुकड्याचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नीट चढते आणि मग कित्येक तास तिथेच अडून बसते. नवखा माणूस घाबरतो, लाकडे वाढवतो. पण बिघडलेले काहीच नसते. तुकड्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे बाष्पीभवन होत असते आणि त्यात मिळालेली सगळी उष्णता खर्ची पडते. शहागडच्या उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने इथे मांस तापत नाही!)

थोडे मीठ, फार मीठ

आता मिठाकडे वळू. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात. यातले ऋणभारित क्लोराइड आयन प्रथिनांच्या काड्यांना जाऊन चिकटतात. मग सगळ्या काड्यांवरचा ऋणभार वाढतो. सारखे विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही शाळेत शिकला आहात. काड्या एकमेकींपासून दूर सरकू पाहतात, मोळी सैल होते, फटी रुंदावतात आणि त्यांत पाणी शिरते. तंतुके फुगतात!

हे नुसते अनुमान नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या मांस संशोधन संस्थेत जेराल्ड ऑफर आणि जॉन ट्रिनिक या शास्त्रज्ञांनी स्नायूंची सुटी तंतुके सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, त्यांच्यावर मिठाचे द्रावण सोडले आणि ती फुगताना पाहिली. त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. तंतुकांचे आकारमान निदान दुप्पट झालेले त्यांना दिसले. द्रावणात थोडे फॉस्फेटचे क्षार घातले तर हाच परिणाम कमी मिठात मिळतो, हेही त्यांनी दाखवले. शिवाय मिठामुळे काही मायोसिन विरघळते. मांस तापले की ते थिजते आणि त्याच्या जाळ्यात पाणी अडकून राहते, दही लागल्यावर पाणी दह्यात अडकते तसे. म्हणजे पंचा पिळला जातो, पण पूर्वीइतका घट्ट नाही.

मग काकडीचे काय? तिथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काकडीच्या पेशी जिवंत असतात. त्यांच्या पातळ आवरणातून पाणी सहज ये-जा करते, मीठ मात्र सहज आत जात नाही. बाहेर मीठ जास्त, आत कमी. मग पाणीच बाहेर धावते. याला परासरण म्हणतात. दुसरी गोष्ट मिठाच्या प्रमाणाची. मांसातले मीठ पाण्याच्या पाच-सहा टक्क्यांपर्यंत असेल तर तंतुके फुगतात. त्यापुढे मीठ वाढवत गेलात तर फुगणे कमी होत जाते. शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळू शकते. अशा संपृक्त द्रावणात मांस ठेवले, किंवा कोरड्या मिठात पुरले, तर उलटेच घडते. पाणी बाहेर ओढले जाते आणि मांस आकसते. खारवलेला मासा असाच तयार होतो. तेच मीठ थोडे असले तर पाणी धरून ठेवते आणि फार झाले तर पाणी हाकलून लावते.

म्हणून टोचण्याच्या द्रावणाचा हिशेब नीट करावा लागतो. समजा तुकडा पाच किलोचा आहे. त्यात वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे अर्धा लिटर द्रावण टोचायचे आहे. सगळीकडे पसरल्यावर मांसात साधारण एक टक्का मीठ यावे, अशी इच्छा आहे. तर अर्ध्या लिटरमध्ये पन्नास-पंचावन्न ग्रॅम मीठ घालावे लागेल. ताडून पाहा. चवीलाही एवढे पुरते.

चाळीस वर्षांचा प्रवास

आता मुख्य प्रश्न. मीठ वरून चोळले तर ते आत जाणारच नाही का? जाईल. पण केव्हा?

पेल्यातल्या पाण्यात शाईचा थेंब सोडला की तो न ढवळताही हळूहळू पसरतो. रेणू सारखे इकडून तिकडे धक्के खात असतात. जिथे गर्दी जास्त तिथून ते गर्दी कमी असलेल्या जागी पांगत जातात. याला विसरण म्हणतात. त्याचा नियम १८५५ साली ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मांडला. तेव्हा तो झुरिकला होता आणि त्याचे वय होते अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे. योगायोग पाहा. नियम पडताळण्यासाठी त्याने जो पदार्थ वापरला तो आपले साधे मीठच! भांड्याच्या तळाशी मीठ, वर पाणी, आणि मीठ वर कसे कसे चढत जाते याची मोजमापे.

फिकच्या नियमातून एक विलक्षण गोष्ट निघते. दुप्पट अंतर जायला दुप्पट वेळ लागत नाही, चौपट लागतो. तिप्पट अंतराला नऊपट. वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कारण साधे आहे. मिठाचा आयन बाणासारखा सरळ जात नाही. जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या पोरासारखा तो दोन पावले पुढे, एक मागे, एक बाजूला असा ढकलला जातो.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या मांसात मीठ एक सेंटिमीटर आत जायला ढोबळमानाने एक दिवस धरू. (मांस कसले, किती गार, यावर हा आकडा बदलतो. पण हिशेबाला सोयीचा आहे.) दोन सेंटिमीटरला चार दिवस, तीन सेंटिमीटरला नऊ दिवस. खांद्याचा तुकडा बारा सेंटिमीटर जाड असेल तर गाभा कोणत्याही बाजूने सहा सेंटिमीटरवर आहे. सहाचा वर्ग छत्तीस. छत्तीस दिवस! एवढे दिवस कुणी वाट पाहत बसणार नाही.

आता सुई घ्या. तीन-तीन सेंटिमीटरवर टोचत गेलात तर कोणताही भाग सुईच्या वाटेपासून फार तर दोन सेंटिमीटरवर येतो. शिवाय सुई मागे ओढताना दट्ट्या दाबत राहिले की द्रावण तंतूंच्या जुड्यांमधल्या फटींतून इकडेतिकडे पसरते. अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर आले असे समजू. अर्ध्याचा वर्ग पाव. पाव दिवस म्हणजे सहा तास. रात्री टोचले, सकाळी धुरावर! सुईने मिठाचा वेग जराही वाढवला नाही. तिने फक्त त्याला चालायचे अंतर कमी केले.

हाच हिशेब जरा गंमत म्हणून आपल्या शरीराला लावून पाहू. सकाळी भाकरीबरोबर खाल्लेले मीठ पोटातून पायाच्या अंगठ्यापर्यंत जायला हवे. अंतर धरा एकशेवीस सेंटिमीटर. नुसत्या विसरणावर सोडले तर एकशेवीसचा वर्ग, म्हणजे चौदा हजार चारशे दिवस लागतील. जवळजवळ चाळीस वर्षे! तुमच्या अंगठ्याला आजच्या भाकरीचे मीठ तुम्ही पन्नाशीला टेकलात की मिळेल. तसे होत नाही, कारण शरीरात रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. हृदय पंपासारखे रक्त ढकलते आणि केशवाहिन्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दाराशी जाऊन पोचतात. पेशी आणि तिच्या जवळची केशवाहिनी यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही कमी अंतर असते. एवढे अंतर जायला आपल्या ढोबळ हिशेबाने नऊ सेकंदसुद्धा लागत नाहीत. शरीराला विसरण आवडते, पण केवळ हाताच्या अंतरावरचे!

हे ज्याला उत्तम ठाऊक होते असा एक माणूस एकोणिसाव्या शतकात डब्लिनला शरीररचनाशास्त्र शिकवत होता. त्याचे नाव मॉर्गन. गलबतांवर महिनोन्‌महिने टिकेल असे खारवलेले मांस तेव्हा नौदलाला हवे असे. पिंपात मीठ आणि मांसाचे तुकडे भरून ठेवायचे ही जुनी रीत. त्यात वेळ जाई, आणि गाभ्यापर्यंत मीठ पोचायच्या आत हाडालगतचे मांस कधी कधी सडू लागे. मॉर्गनने १८६०च्या दशकात वेगळीच युक्ती पुढे आणली. जनावर मारल्यावर लगेच त्याच्या हृदयापाशी नळी बसवायची आणि उंचावर ठेवलेल्या पिंपातले मिठाचे पाणी रक्तवाहिन्यांतून सोडायचे. दवाखान्यात सलाइनची बाटली उंच टांगतात तसेच. रक्ताच्या वाटेने मीठ काही मिनिटांत सगळ्या स्नायूंत! निसर्गाने केलेल्या हजारो सुया आयत्याच हाताशी होत्या.

पुढे कारखान्यांत डुकराच्या मांडीच्या मोठ्या रोहिणीतून द्रावण सोडण्याची पद्धत आली आणि नंतर एका वेळी डझनावारी सुया खाली येणारी यंत्रे आली. बेकन आणि हॅम हे पदार्थ मोठ्या प्रमाणावर असेच बनतात. मुंबईत बोरिवलीला एके काळी सरकारी बेकन कारखाना होता, हे आज तिथे राहणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

याच नियमाचा एक छोटा फायदा आपल्याही पदरात पडतो. रात्रभर मसाल्यात मुरवलेल्या कोंबडीत मसाला आतपर्यंत जातो, असे पुष्कळ जण शपथेवर सांगतात. खरे म्हणजे आत जाते ते मुख्यतः मीठ. हळद, मिरची, गरम मसाला यांतले मोठे रेणू आणि तेलात विरघळणारे पदार्थ काही मिलिमीटरच आत जाऊन थबकतात. धुराचेही तसेच. दहा-बारा तास धूर दिला तरी त्याचा रंग पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच राहतो. तुकडा कापला की ही सीमा डोळ्यांना दिसते. म्हणून चिरांची आणि सुईची एवढी महती.

सुईबरोबर काय आत जाते?

इथवर सुई मोठी गुणी वाटली असेल. आता तिचा अवगुण पाहू, आणि तो साधासुधा नाही.

निरोगी जनावराच्या स्नायूचा आतला भाग जवळजवळ जंतुरहित असतो. जंतू असतात ते पृष्ठभागावर: कातडीवरून, सुरीवरून, हातांवरून, माश्यांच्या पायांवरून आलेले. अखंड तुकडा भाजला तर हा पृष्ठभागच सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तापतो. जंतू मरतात. पण सुई टोचली की पृष्ठभागावरचे जंतू तिच्या टोकाबरोबर सरळ गाभ्यात जाऊन बसतात, आणि गाभा सगळ्यांत शेवटी तापतो! पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात. चांगली ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. तासात तीन वेळा, सहा तासांत अठरा वेळा. दोनाचा अठरावा घात काढा: एका जंतूचे दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. शिवाय काही जंतू वाढताना असे विष तयार करतात, की नंतर कितीही शिजवले तरी ते जात नाही.

म्हणून सुईचे काही पथ्य आहे. मांस आणि द्रावण दोन्ही आधी गार हवेत, चार अंशांच्या आसपास. सुई उकळत्या पाण्यातून काढलेली हवी. उरलेले द्रावण पुन्हा वापरायचे नाही. टोचलेले मांस लगेच फ्रीजमध्ये आणि तिथून थेट आचेवर. डुकराच्या मांसाला तर आणखी एक कारण आहे. त्यात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्या तर आतड्यात लांबच लांब कृमी वाढतो, आणि अशा माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी अन्न-पाण्यातून पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचून झटके येऊ शकतात. गाभ्यापर्यंत नीट शिजलेले मांस आणि साबणाने धुतलेले हात, या दोन्ही बाबतींत तडजोड नाही.

फ्रीजच नसेल तर? शहागडला उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. तिथे मांस टोचून रात्रभर बाहेर ठेवणे म्हणजे जंतूंना पंगतीला बोलावणे. आणि फ्रीज ही तर अगदी अलीकडची चीज. मग जुन्या काळी एकदम हाती आलेले पुष्कळ मांस लोक टिकवत कसे? मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांतून चान्या करत असत. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या आणि दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या. पाऊस-पाण्याच्या, ओढीच्या दिवसांत त्या उपयोगी पडत. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले, ते २०१५ साली आले. त्यात या चान्यांची माहिती मिळते. शाळेच्या पुस्तकांत ती कुणी दिली नव्हती.

चान्या पातळच का? फिकचा नियम इथेही लावा, फक्त उलटा. इथे मीठ आत जायचे नसून पाणी बाहेर यायचे आहे. पट्टीची जाडी निम्मी केली तर आतले पाणी बाहेर यायला सुमारे चौथाई वेळ पुरतो. जंतू वाढायच्या आत पट्टी वाळते आणि पाण्यावाचून जंतूंचे काही चालत नाही. ज्या बायकांनी त्या पट्ट्या कापल्या त्यांनी फिकचे नाव ऐकले नव्हते, पण जाडी किती ठेवायची हे त्यांच्या सुरीला अचूक ठाऊक होते. गोव्यातली डुकराच्या मांसाची सॉसेजेस पाहा. तिथेही मांसाचे आधी लहान तुकडे करतात, मीठ लावतात, सिरका आणि मसाल्यात मुरवतात आणि मगच आतड्यात भरून वाळवतात. माझ्या मते उष्ण प्रदेशात कापण्याची वाट हीच शहाणपणाची होती. सुईची वाट बर्फासोबतच चालते.

सुईचा आणखी एक उपयोग दुकानदार ओळखून आहेत. पाणी टोचले की वजन वाढते, आणि मांस वजनावर विकतात! एक किलो मांसात दहा टक्के द्रावण असेल तर जवळजवळ नव्वद ग्रॅम मिठाचे पाणी तुम्ही मांसाच्या भावाने घेता. अमेरिकेत अशा मांसाच्या वेष्टनावर द्रावण किती टक्के आहे ते छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही थिजवलेली कोंबडी आणली तर वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. पिशवीच्या तळाशी साचलेले पाणी एकदा मोजा.

करून पाहा

वर्गाचा नियम पडताळायला मांस लागत नाही. वाण्याकडून चायना ग्रास आणा. मोठ्या माणसाच्या मदतीने तो पाण्यात उकळून अर्धा उंच पेला भरा आणि थिजू द्या. पेला काचेचा, पारदर्शक हवा. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. सकाळी सहा वाजता थिजलेल्या थरावर निळी शाई बोटभर ओता. सात वाजता, दहा वाजता, दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा वाजता शाई किती खोल गेली ते लिहून ठेवा. म्हणजे एक, चार, नऊ आणि सोळा तासांनी. अंतरे एकास दोनास तीनास चार या प्रमाणात येतात का? अगदी काटेकोर येणार नाहीत, कारण शाईची कड पुसट असते. पण सोळा तासांत सोळापट अंतर जात नाही हे नक्की दिसेल. (हा चायना ग्रास खायचा नाही, हे सांगायला नकोच.)

घरी कोंबडी शिजत असेल तर आईबाबांना विचारून दुसरा प्रयोग करा. सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरा लिटरला पन्नास ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी दोन्ही वजन करा, सारख्याच आचेवर सारखाच वेळ भाजा आणि पुन्हा वजन करा. कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका. कोणी किती पाणी गमावले, तो आकडा तुमच्याच वहीत येऊ द्या.

आणि थंडीत मोरावळ्याच्या वेळी आजीकडून सहा आवळे मागून घ्या. तीन टोचा, तीन तसेच ठेवा. सगळे एकत्रच वाफवा आणि एकाच पाकात सोडा. रोज एक टोचलेला आणि एक न टोचलेला आवळा काढून मधोमध कापा, आणि चाखून पाहा गोडी कुठवर पोचली ते. जमले तर सातवा आवळा न वाफवता, न टोचता, घट्ट पाकात टाका. तो फुगतो की सुरकुततो? काकडीची गोष्ट आठवा, म्हणजे कारण सापडेल. कापलेले आवळे मात्र फेकू नका. आजीचे लक्ष असते.